चार दिवस गोव्यात, अधूनमधून लंकेत

माझ्या माहेरचं कुलदैवत केरीची विजयादुर्गा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून 'या वर्षी जायचंच' म्हणत दोन वर्षं काढली, शेवटी जानेवारीत निघाले. चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, गोवा शिपयार्डमधून निवृत्त होऊन केरीला राहतो, त्यामुळे मुक्कामाची काळजी नव्हती. डोक्यात ओटी, मासे आणि दुपारची झोप एवढंच होतं. श्रीलंका नव्हती. ती रोज कुठून ना कुठून समोर येत गेली.

गुरुवार – केरी

कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, फोंडा. बस वेळेवर, घाटात धुकं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. दुपारी दादाच्या अंगणात पाय ठेवला तर वहिनी म्हणाली, "हात धू गो आधी, शीत निवतंय." उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर. प्रवासाचा शीण तिथेच संपला.

संध्याकाळी देवळात गेलो. विजयादुर्गा मूळची सांकवाळची, झुवारीकाठची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा लोकांनी देवीला नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणलं, ती इथे केरीत स्थिरावली. हे लहानपणापासून ऐकलेलं. पण दादा पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "शनिवारी तुला सांकवाळला नेतो. सध्या तिथे नोव्हेना, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू आहेत, लंकेची माणसं येतात." मला वाटलं, चेष्टा करतोय.

लंकेचा पहिला उल्लेख मात्र त्याआधीच झाला होता, आणि तोही रागाने. दादाच्या शेजाऱ्याचं कुळागर आहे: वर माड, मधे माडी (म्हणजे पोफळी, आम्हा घाटावरच्यांचा इथे हमखास घोटाळा होतो), माडीवर चढलेले मिरवेल, खाली जायफळ, केळी, अननस. अंगणात चटईवर मिरी वाळत घातलेली. मी कौतुकाने मूठभर उचलली आणि भाव विचारला. गृहस्थ आधी हसले, मग सुरूच झाले. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार १९९८ च्या डिसेंबरात झाला, २००० च्या मार्चपासून लागू झाला. त्यात दरसाल २,५०० टन लंकेची मिरी बिनशुल्क येऊ शकते. "तेवढी आली तर आम्ही काही म्हणत नाही," ते म्हणाले, "पण व्हिएतनामची मिरी लंकेत उतरते, तिथला दाखला घेते आणि लंकेची होऊन इथे येते." ही तक्रार केरळ-कर्नाटकातले मिरीवाले गेली कित्येक वर्षं करत आले आहेत. २०१७ च्या डिसेंबरात सरकारने किलोमागे ५०० रुपये किमान आयातमूल्य ठरवलं ते याच ओरडीमुळे.

मी वर्गात शिकवायची सवय जात नाही म्हणून म्हटलं, लंकेची खरी मिरी चांगली तिखट असते म्हणे, तेल काढणारे ती आवडीने घेतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. जाताना मात्र कागदाच्या पुडीत पाव किलो मिरी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

केरीला जाणार असाल तर फोंड्याहून बस आहेत, पण संध्याकाळनंतर तुरळक. देवळात सकाळी लवकर जा, गर्दी नसते. आणि ओळखीशिवाय कुणाच्या कुळागरात शिरू नका. ती बाग म्हणजे कुणाचं तरी घरच असतं.

शुक्रवार – जुने गोवे आणि दिवाडी

माझी चूक आधी सांगते: पुरातत्त्व खात्याचं जुन्या गोव्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. इतिहासाची मास्तरीण असून मी वार न पाहता गेले. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय मंडळींच्या तसबिरी पाहायच्या राहिल्या. त्यातल्या एकावर माझा विशेष डोळा होता, दों कॉन्स्तान्तिनो द ब्रागांस, १५५८ ते १५६१ चा व्हाइसरॉय.

याचं कारण असं. १५६० मध्ये त्याने जाफन्यावर स्वारी केली आणि लुटीत एक दात आणला. बुद्धाचा दात, असं त्याला सांगण्यात आलं. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, राजाने तो दात मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. व्हाइसरॉयची तिजोरी रिकामी, सरदार 'द्या' म्हणत होते. पण आर्चबिशप गास्पार अडून बसले. शेवटी १५६१ मध्ये सगळ्यांसमोर दात खलात कुटला, निखाऱ्यावर जाळला आणि राख नदीत टाकली. पोर्तुगीज बखरकार दिओगो द कौतु याने हे सगळं लिहून ठेवलंय. लंकेतले लोक म्हणतात, खरा दात भिक्षूंनी केव्हाच लपवला होता, पोर्तुगिजांनी कुटला तो दुसराच. कॅण्डीच्या दळदा मालिगाव या देवळात आज त्याच दंतधातूची रोज पूजा होते.

ही नदी म्हणजे मांडवी. व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की फेरीचा धक्का. मी फेरीत कठड्याला टेकून उभी होते, शेजारी एक बाई टोपलीत शेवग्याच्या शेंगा घेऊन आणि एक पोदेर (पाववाला) सायकलसकट. पाणी हिरवट, संथ, वरून ऊन. दादाला दाताची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "एवढे पैसे मिळत होते आणि जाळला? मग पुढच्या वर्षी जहाजांच्या डागडुजीला पैसे कुठून आणले?" शिपयार्डमध्ये जन्म घालवलेला माणूस, दुसरं काय विचारणार.

फेरीला पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दिवाडीत उतरल्यावर टेकडीवरच्या पिएदाद चर्चपर्यंत चढ आहे. जानेवारीत असूनही अकरा वाजता घाम निघतो. टोपी आणि पाणी घ्या, वर दुकान मिळेलच असं नाही.

दिवाडीला मी याकोम गोन्साल्विस या माणसासाठी गेले होते. १६७६ मध्ये या बेटावर जन्मलेला पाद्री, १७०५ मध्ये लंकेला गेला आणि १७४२ मध्ये तिथेच वारला. घरची भाषा कोकणी. पण सिंहली अशी शिकला की सिंहली ख्रिस्ती साहित्याचा जनक म्हणून लंकेत त्याचं नाव घेतात. तमिळमध्येही लिहिलं. गोव्याच्या एका बेटावरून गेलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या भाषेत पुस्तकं लिहावीत आणि ती त्यांनी आपली मानावीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, तसंच हे. तो इंग्लंडहून इथे आला, हा इथून तिकडे गेला.

बेटावर चार जणांना विचारलं. तिघांना नाव माहीत नव्हतं. चौथ्या, एका म्हाताऱ्या बाईंनी, ओट्यावर बसवून पाणी दिलं, वर नेवरीचा (करंजीचा) तुकडा दिला आणि म्हणाल्या, "सगळी पोरं पोर्तुगाल, लंडन म्हणत जातात. तो एकटाच लंकेला गेला, म्हणून विसरले."

शनिवार – वास्को आणि सांकवाळ

सकाळी दादा वास्कोला घेऊन गेला. शिपयार्डच्या आत अर्थातच जाता येत नाही, भिंतीवरून क्रेनची टोकं तेवढी दिसतात. दादा मात्र भिंत पारदर्शक असल्यासारखा बोलत होता. "तिथे बांधलं सयुराला." श्रीलंकेच्या नौदलासाठी गोवा शिपयार्डने दोन मोठी गस्ती जहाजं बांधली, करार २०१४ चा. पहिलं एसएलएनएस सयुराला, सुमारे १०५ मीटर लांब, २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबोत नौदलात दाखल झालं. दुसरं सिंदुराला २०१८ च्या एप्रिलमध्ये. दादा तेव्हा फॅब्रिकेशनला होता. लंकेचे अधिकारी काम बघायला यायचे, एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या एकाने डब्यातली सोलकढी चाखली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बाटली घेऊन आला.

२०२० च्या सप्टेंबरात लंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ न्यू डायमंड हे तेलवाहू जहाज पेटलं. पोटात सुमारे पावणेतीन लाख टन कच्चं तेल. भारतीय तटरक्षक दलाची जहाजं धावली, लंकेचं नौदल धावलं, त्यात सिंदुराला होतं. दादाने टीव्हीवर ओळखलं. "वहिनीला हाक मारली, बघ बघ, माझ्या हातचं वेल्डिंग," असं तो सांगतो. वहिनीचं म्हणणं, टीव्हीवर नुसता धूर दिसत होता.

वास्कोत जेवायचं तर मासळी बाजाराजवळच्या साध्या खाणावळीत जा, एक वाजायच्या आत. नंतर फक्त तळलेला बांगडा उरतो.

दुपारी सांकवाळ. आमच्या देवीचं मूळ गाव, आणि मी पहिल्यांदाच आले होते. झुवारीच्या काठावर एका चर्चची नुसती दर्शनी भिंत उभी आहे, मागे काही नाही. आरोग्यमातेचं चर्च, १८३४ मध्ये जळालं. भिंतीच्या खिडक्यांतून पलीकडची झाडं दिसतात. शेजारीच संत जुझे वाझ यांचं स्थान. १६५१ मध्ये बाणावलीला जन्म, घर सांकवाळचं, शिक्षण जुन्या गोव्यात. पोर्तुगिजांकडून डचांनी १६५६ ला कोलंबो आणि १६५८ ला जाफना घेतल्यावर लंकेतल्या कॅथलिकांना पाद्री ठेवायची बंदी झाली. वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला पोचले. कॅण्डीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं, पुढे त्यानेच मोकळं फिरायची मुभा दिली. १६९७ च्या देवी रोगाच्या साथीत रोग्यांची सेवा केली. १७११ मध्ये कॅण्डीतच गेले, गोव्याला परत आलेच नाहीत. २०१५ च्या १४ जानेवारीला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संतपद दिलं. १६ जानेवारीला त्यांचं फेस्त, म्हणजे सण.

आमच्या देवीला या गावातून जावं लागलं, आणि शंभरेक वर्षांनी याच गावचा माणूस धर्म लपवून जगणाऱ्यांसाठी समुद्र ओलांडून गेला. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. दादा मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

आणि खरंच, लंकेची माणसं होती. नेगोंबोहून आलेला तीसेक जणांचा जथा. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं सेल्फी काढण्यात. सावलीत बाकावर माझ्या वयाची एक बाई बसली होती, पायातली चप्पल काढून टाच दाबत. मी पाण्याची बाटली पुढे केली. तीही शिक्षिका निघाली, प्राथमिकची. मग काय, दोन मास्तरणी आणि मोडकं इंग्रजी, तासभर कुणाला बोलू दिलं नाही.

गोष्ट शब्दांवरून सुरू झाली. तिथल्या नळाखालची बादली बघून ती म्हणाली, "बाल्दिय." मी म्हटलं, बादली. तिने साबण दाखवला, "सबन्." खिडकी दाखवली, "जनेलय." दादा इतक्यात जवळ आला होता, म्हणाला, "आमचं जनेल!" शेवटी तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, मी शिकवते ते "इस्कोलय". कोकणीत इस्कोल. पोर्तुगीज दोन्हीकडून गेले, हे शब्द मात्र न्यायचे विसरले.

तिची मुलगी पुण्यात शिकली आहे, आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, शिष्यवृत्तीवर. लंकेच्या विद्यार्थ्यांसाठी नेहरू, मौलाना आझाद, राजीव गांधी अशा नावांच्या योजना आहेत. मुलगी पुण्याहून काय शिकून आली, तर अर्थशास्त्र आणि "मीटरने येणार का?" हे वाक्य. आईने ते इतक्या चोख उच्चारात म्हणून दाखवलं की मला कोल्हापूरकर असल्याचा उगाच आनंद झाला.

मग २०२२ कडे आलो. पेट्रोलच्या रांगा, वीज नाही, हे मी वाचलं होतं. ती म्हणाली, आम्हाला कागद नव्हता. त्या मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद आणि शाई आयात करायला देशाकडे डॉलर उरले नव्हते. तिने मुलांना फळ्यावर प्रश्न लिहून दिले, उत्तरं जुन्या वह्यांच्या कोऱ्या बाजूंवर. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, बरीचशी कर्जाऊ: डिझेल, औषधं, अन्न, खत. पुढच्या वर्षी, २०२३ ची पाठ्यपुस्तकं छापायची वेळ आली तेव्हा त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचा कागद त्याच भारतीय कर्जातून आला.

मी पस्तीस वर्षं जूनमध्ये नवी पुस्तकं वाटली आहेत. त्यांचा तो वास, कव्हरं घालायची गडबड. पुस्तक येणारच नाही, असं कधी मनातही आलं नाही. मी काहीतरी बोलले असेन, 'बरं झालं आपण मदत केली' अशा सुराचं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते कर्ज आहे. आमची मुलं फेडतील. पण वेळेवर दिलंत, ते लक्षात आहे." मी गप्प बसले. वर्गात एखाद्या हुशार पोराने बरोबर जागी टोकलं की बसायचे, तशी.

निघताना तिने पिशवीतून एक डबी काढली. काळसर, तुपकट, नारळ-गुळाचं. मी म्हटलं, हे तर दोदोल! ती म्हणाली, हो, दोदोल. आमच्याकडे बिबिक्कनही असतं. आमच्याकडे बिबिंका. तिला मी काय द्यावं? पिशवीत केरीची मिरीच होती. लंकेच्या बाईला गोव्याची मिरी दिली. हे कुळागरवाल्या गृहस्थांना कळवायची हिंमत अजून झालेली नाही.

सांकवाळला वास्को-कुठ्ठाळी रस्त्यावरून जाता येतं. फेस्ताच्या दिवशी प्रचंड गर्दी असते, नोव्हेनाच्या एखाद्या दुपारी निवांत. खांदे झाकणारे कपडे घाला.

रविवार – बाणावली

शेवटचा दिवस. मडगावहून बाणावलीला पायलटच्या मागे बसून गेले. पायलट म्हणजे मोटरसायकलचा टॅक्सीवाला, या वयात मजा वाटली. तो वाटेत एका मोठ्या हॉटेलाकडे बोट दाखवून म्हणाला, "पाकिस्तानचा मंत्री इथे आला होता, दोन दिवस धंदा बंद." २०२३ च्या मे महिन्यातली शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. २०१६ च्या ऑक्टोबरात ब्रिक्स आणि बिमस्टेक या देशगटांच्या बैठकांसाठी लंकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिसेनाही गोव्यात आले होते, पण त्याचा धंदा त्यांनी किती दिवस बंद पाडला ते त्याला आठवत नव्हतं.

वाझ यांचा बाप्तिस्मा झाला ते सेंट जॉन चर्च पाहिलं, रविवारची मिस्सा चालू होती म्हणून मागेच उभी राहिले. मग किनारा. रापण ओढायचं काम सुरू होतं. दोन दोरखंड, दोन रांगा, मधे अर्धगोल जाळं. ओढणाऱ्यांत बरेच जण गोव्याबाहेरचे, जाळ्याचा मालक रापोणकार मात्र बाणावलीचा. हाताला लागले थोडे बांगडे, बरेच तारले आणि प्लॅस्टिकची पिशवी.

मी रापोणकाराला भारत आणि लंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या भांडणाबद्दल विचारलं, कारण ते आपल्याकडे कायम 'लंकेने आपले मच्छीमार पकडले' एवढंच येतं. तमिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत पलीकडे जातात, तिथे जाफन्याचे मच्छीमार लहान होड्या घेऊन असतात, तेही तमिळच. लंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. रापोणकाराला तिथल्या कच्चतिवू बेटाचा वाद वगैरे ठाऊक नव्हतं. ट्रॉलर म्हटल्याबरोबर मात्र तो थांबला. "आमचें नुस्तें ते व्हरतात," तो म्हणाला, म्हणजे आमचे मासे ते नेतात. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या रापोणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन केलं, त्याचा बाप त्यात होता. "म्हणजे जाफन्याची बाजू घेणार?" मी विचारलं. तो हसला आणि दोरखंडाकडे वळला. उत्तर मी माझ्यापुरतं समजले. आपल्याकडच्या बातम्यांत जाफन्याची बाजू इतकी क्वचित ऐकू येते की बाणावलीत ती मिळाली याचंच नवल वाटलं.

रापण पाहायची तर पहाटेच जा, आणि फोटो काढण्याआधी दोन हात दोराला लावा. मी लावले, तळहाताला अजून वळ आहेत.

दुपारच्या बसने परत. दोदोलची डबी घरी येईपर्यंत अर्धी झाली.

नेगोंबोच्या बाईंना रापणीचा व्हिडिओ पाठवला होता. त्यांचा भाऊ मासेमारी करतो. काल त्याचा उलट प्रश्न आला, बहिणीकरवी: जाळ्याची भोकं केवढी आहेत? मी दादाला विचारलंय. दादा म्हणतो, पुढच्या रविवारी बाणावलीला जाऊन मोजून सांगतो.